कायदा + गुन्हेगारीशास्त्र: दुसरं वर्ष संपताना आलेला अनुभव

कायदा आणि गुन्हेगारीशास्त्र अशी जोडपदवी घ्यावी का, असं विचारणारे बरेच जण भेटतात. माझं दुसरं वर्ष संपत आलंय, त्यामुळे आता ठामपणे सांगता येईल. घ्या. फक्त विद्यापीठ हे दोन विषय एकमेकांना जोडून देईल, ही अपेक्षा ठेवू नका. वेळापत्रकात ते शेजारी बसतात, एवढंच. सांधा आपला आपण घालायचा, आणि या पदवीतलं सगळ्यात मोलाचं काम मला तेच वाटतं.

आधी एक गैरसमज दूर करू. गुन्हेगारीशास्त्र म्हणजे बोटांचे ठसे आणि डीएनए नव्हे. ते न्यायसहायक विज्ञान (फॉरेन्सिक), त्याची शाखाच वेगळी. इथे समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि भरपूर आकडेवारी असते. माणसं गुन्हा का करतात, बहुतेक जण का करत नाहीत, कशाला गुन्हा म्हणायचं हे कोण ठरवतं आणि शिक्षेने नेमकं काय साधतं, हे इथले प्रश्न.

सुरुवातीला कायद्याचीच पकड घट्ट बसते. कृती वेगळी, हेतू वेगळा, बचाव वेगळा असं सुटं करून बघायची सवय लागते. डडली आणि स्टीफन्स हा १८८४ चा इंग्लंडमधला खटला घ्या. जहाज बुडालं, छोट्या होडीत चौघे, अन्नपाणी संपलेलं. शेवटी त्यातल्या १७ वर्षांच्या मुलाला मारून बाकीचे त्याच्यावर जगले. जीव वाचवण्याची गरज हा खुनाला बचाव होऊ शकत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. कायद्याचा तास इथे संपतो. पण फाशी सुनावली गेली आणि नंतर ती सहा महिन्यांच्या कैदेवर आली, तेव्हा लोकांची सहानुभूतीही आरोपींकडे होती. गुन्हेगारीशास्त्राचा तास या ठिकाणी सुरू होतो: पुस्तकातली शिक्षा आणि प्रत्यक्षात भोगलेली शिक्षा यांत एवढं अंतर का पडतं?

दोन्ही विषय पहिल्यांदा खरोखर एकत्र आले ते पुरावा कायद्यात. आपल्याच साक्षीदाराची सरतपासणी घेताना सूचक प्रश्न, म्हणजे हवं ते उत्तर आतच सुचवणारे प्रश्न, सहसा विचारता येत नाहीत, उलटतपासणीत येतात. नियम म्हणून हे पाठ होतं. मग मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांचा १९७४ चा प्रयोग वाचला. अपघाताची एकच फिल्म सगळ्यांना दाखवली. काहींना ‘गाड्या आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा वेग किती होता’ असं विचारलं, काहींना नुसतं ‘धडकल्या तेव्हा’. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? पहिल्या गटात ५० पैकी १६ जण हो म्हणाले, दुसऱ्यात ५० पैकी ७. फिल्ममध्ये काच नव्हतीच. त्यानंतर कुठलीही साक्ष वाचताना माझं लक्ष आधी प्रश्नाकडे जातं, मग उत्तराकडे.

न्यायालयात जाऊन बसणं हे मात्र कोणत्याही पुस्तकाहून जास्त शिकवतं. जामिनाचे अर्ज ऐका. आरोपी पळून जाईल का, पुन्हा गुन्हा करेल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का, हे बघितलं जातं. पक्का पत्ता आणि नोकरी असली की पारडं जामिनाकडे झुकतं. वहीत हे निकष अगदी वाजवी दिसतात. मागच्या बाकावर बसून एकामागून एक प्रकरणं ऐकली की कळतं, ज्याला घर नाही त्याला पत्ताही नाही, म्हणून तो आत. आत राहिला की हातातलं काम जातं, आणि शिक्षा ठरवायची वेळ येते तेव्हा ‘कामधंदा नाही’ हे त्याच्याच विरोधात मोजलं जाऊ शकतं. इथे कोणी नियम मोडलेला नसतो, प्रत्येक पायरी कायद्याला धरून असते. समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये मांडलेला शिक्क्याचा सिद्धांत, म्हणजे समाज एखाद्यावर ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारतो आणि पुढे तो शिक्काच त्याची वाट ठरवतो, हा मी परीक्षेपुरता वाचला होता. त्या बाकावर तो समोर घडताना दिसला. फक्त कायदा शिकत असते तर ‘निकष पूर्ण होत नाहीत’ एवढंच टिपून उठले असते.

आकडेवारीला बरेच जण घाबरतात, पण ती टाळू नका. पोलिसांकडे नोंदलेले गुन्हे वाढले याचा अर्थ गुन्हे वाढलेच असा नाही. लोक तक्रार द्यायला पुढे येऊ लागले तरी आकडा चढतो. आणि नियंत्रण गट, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला, मदत न दिलेला गट, कशासाठी हवा, हे केंब्रिज-सॉमरव्हिल अभ्यासाइतकं स्पष्ट मला कशातच दिसलं नाही. मुलं गुन्हेगारीकडे वळू नयेत म्हणून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली सुरू झालेल्या या प्रयोगात ५०६ मुलं होती. निम्म्यांना वर्षानुवर्षं समुपदेशक, मदत, मार्गदर्शन मिळालं. संशोधक जोन मॅककॉर्ड यांनी तीस वर्षांनी माग काढला, तर मदत मिळालेल्यांचे गुन्हे कमी नव्हतेच, उलट काही बाबतींत तेच जास्त वाईट स्थितीत होते. त्यांच्यातल्या अनेकांनी मात्र मदतीचा फायदा झाला असंच सांगितलं.

आता त्रासाचं. दोन विभाग एकमेकांशी बोलत नाहीत. सबमिशन एकाच आठवड्यात येतात. संदर्भ द्यायला कायद्यात तळटिपा, गुन्हेगारीशास्त्रात लेखक-वर्ष पद्धत. लिहिण्याची रीतही उलटी. कायद्याच्या उत्तरात मुद्दा, नियम, तो तथ्यांना लावणं आणि निष्कर्ष हवा, प्रत्येक विधानाला निवाड्याचा आधार हवा. दुसरीकडे त्याच शिस्तीत लिहिलं की समासात शेरा येतो, ‘तुमचं चिकित्सक मत कुठे आहे?’ या उड्या मारण्यात पहिलं वर्ष जातं. वाचन तर दुप्पटच धरून चाला.

वकिली करायची असेल तर प्रवेशाआधी एक गोष्ट नक्की तपासा: ही जोडपदवी सनदेसाठी धरली जाते का? देशागणिक नियम वेगळे आहेत, आणि काही ठिकाणी ठरावीक विषय पूर्ण केलेले नसतील तर पुढे वेगळा अभ्यासक्रम करावा लागतो. वकिलीत जायचं नसेल तर परिवीक्षा (प्रोबेशन) सेवा, पीडितांना मदत करणाऱ्या संस्था, तुरुंग सुधारणा, धोरण संशोधन अशा वाटा आहेत. तिथे कलम वाचता येणं आणि आकडे वाचता येणं, दोन्ही कामी येतं.

शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाला दोन्ही विभागांतले मार्गदर्शक मिळतात का, हेही आधीच विचारून घ्या. माझा विषय जामीन आणि बेघर आरोपी हा आहे. कायद्याकडच्या मॅडम तयार झाल्यात, आकडेवारी तपासून देईल असं कोणीतरी दुसऱ्या विभागात शोधणं चालू आहे.