इंदूरमध्ये गच्चीखालच्या खोलीत दीड टनाचा इन्व्हर्टर एसी: मार्च ते सप्टेंबरचा अनुभव

दीड टन, ५ तारे, इन्व्हर्टर स्प्लिट. खोली १२ बाय १२ फूट, वर थेट गच्ची. एवढे महिने वापरल्यावरचं मत: गारवा उत्तम, आवाज नगण्य, पण बिल किती येणार हे ताऱ्यांइतकंच डोक्यावरच्या स्लॅबवर ठरतं.

लेबलवर छापलेले वार्षिक युनिट १६०० तासांचे असतात, आणि तेही बाहेरचं तापमान कमी-जास्त धरून काढलेले. मे महिन्यात संध्याकाळी सातला एसी लावला की दिवसभर तापलेला स्लॅब वरून उष्णता फेकतच असतो, आणि कंप्रेसर मंदावायला तासभर लागतो. मार्चमध्येच गच्चीला चुन्यात फेविकॉल कालवून दोन हात दिले की हा वेळ बराच कमी होतो. पावसात चुना धुऊन जातो, पुढच्या वर्षी पुन्हा मारायचा. पाणी शिंपडूनही स्लॅब निवतो, पण मे महिन्यात नर्मदेचं पाणी गच्चीवर ओतणं काही बरोबर नाही.

खरा खर्च मोजायला वेगळं यंत्र नको. घरातलं बाकी सगळं बंद करा आणि मीटरचा लाल दिवा मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा. मीटरवर ‘३२०० इम्प/केडब्ल्यूएच’ (म्हणजे एका युनिटला ३२०० लुकलुक) लिहिलं असेल तर मिनिटाला मोजलेल्या आकड्याला १८.७५ ने गुणा, वॉट मिळतात. ८० वेळा म्हणजे १५०० वॉट, २० वेळा म्हणजे ३७५. इन्व्हर्टरची बचत या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे. खोली गार झाल्यावर तो खालच्या आकड्यावर रेंगाळला पाहिजे. म्हणून दर अर्ध्या तासाला बंद-चालू करू नका. १८ वर लावला तर तो जोर धरूनच बसतो. २६ किंवा २७ आणि पंखा दोनवर, एवढं इथल्या कोरड्या उन्हाळ्यात पुरतं. बीईईच्या (तारे ठरवणाऱ्या केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) हिशेबाने एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते.

आता कूलर. इंदुरात घरोघरी आहे, आणि एप्रिल-मेमध्ये एसीपेक्षा कितीतरी कमी विजेत काम भागवतो. पण बाहेरच्या खोलीत कूलर आणि आत एसी, मधलं दार उघडं, हा प्रकार महागात पडतो. कूलरची ओल आत येते आणि एसीची बरीच ताकद त्या ओलीचं पाणी करून नळीतून बाहेर टाकण्यात जाते. दोन्हींपैकी एकच चालवा, आणि दाराच्या फटीला रबरी पट्टी लावा. मेमध्ये मध्यरात्रीनंतर बाहेरची हवा उतरली की एसी बंद करून खिडक्या उघडाव्यात, माळव्याची गार रात्र फुकट मिळते. जुलैत मात्र हवा दमट, ही सोय नाही. तेव्हा अंश कमी करण्यापेक्षा ड्राय मोड (हवेतली ओल काढणारा) बरा.

आउटडोअर युनिट पश्चिमेच्या भिंतीवर असेल तर वर पत्र्याची सावली करा, पण समोरून गरम हवा सुटायला जागा मोकळी हवी. चोरीच्या भीतीने दाट जाळीत कोंबलेले युनिट स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतात. फिल्टर धूळ-वाऱ्याच्या दिवसांत पंधरवड्याला नळाखाली धुवा, बाकी वेळी महिन्याला.

आउटडोअर युनिटला नळ्या जोडणाऱ्या पितळी नटाजवळ बर्फ धरला, हवा येते पण गार नाही, आणि मीटरचा दिवा रात्रभर वेगात लुकलुकतो: फिल्टर स्वच्छ असेल तर गॅस कमी झालाय असं समजा. ‘गॅस भरून देतो’ म्हणणाऱ्याला आधी साबणाच्या फेसाने गळती शोधायला लावा. ती बहुधा नटाच्या जोडावरच निघते. जोड दुरुस्त झाल्यावर व्हॅक्यूम पंप (नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढणारा) लावून मगच वजन करून गॅस भरायचा. पंप नसेल तर त्याला परत पाठवा.

मध्य प्रदेश सरकारच्या अटल गृह ज्योती योजनेत १०० युनिट १०० रुपयांत मिळतात, पण महिन्याचा वापर १५० च्या आत असेल तरच. मेमध्ये ते जमणार नाही. मार्च आणि सप्टेंबरमध्ये मात्र जमू शकतं, तेव्हा या दोन महिन्यांत मीटर आठवड्याला बघत जा.