शंभर मण्यांची माळ: पहिली-दुसरीच्या वर्गासाठी घ्यावी का?

दहा मणी लाल, दहा पांढरे, असे आळीपाळीने शंभर. एकाच वर्गात चार-पाच पातळ्यांची मुलं असतील तर हिच्याइतकं कामाचं साधन विरळाच.

ज्याचा मोजताना मणी सुटतो, त्याच्यापुढे वीसच मणी ठेवा, उरलेले पिशवीत झाका. एक मणी सरकवायचा, एक आकडा म्हणायचा. त्याच्या पुढच्याला २७ + १५ द्या: सत्तावीसनंतर खुणेला चिमटा लावायचा, तीन सरकवून तीस, मग पूर्ण दहा, उरले दोन, झाले ४२. आणखी पुढे गेलेलीला ६३ − २८: तीस मागे, दोन पुढे, ३५. ‘एकोणतीस’ला अडखळणारं मूल तीस मण्यांतला शेवटचा मणी बोटाने बाजूला सारतं, आणि शब्दाचा अर्थ त्याला डोळ्यांनी दिसतो. मराठी शाळेत एवढ्यासाठीसुद्धा माळ हवीच!

घेताना दोरी तपासा. ताणून बांधलेली माळ निकामी. चार-पाच बोटं दोरी रिकामी हवी, नाहीतर मणी सरकत नाहीत. गट मोजून घ्या, एकात नऊ किंवा अकरा निघाले तर पुढचं सगळं चुकतं. लाल-हिरवी जोडी टाळा, काही मुलांना ते रंग वेगळे दिसत नाहीत. चिमटा मण्यावर नको, फटीत लावा.

भिंतीवरची एक मोठी माळ पुरत नाही, चार मुलांत एक घ्या. सराव झाला की चिमटा कुठे येईल ते आधी तोंडी विचारा, मग लावून बघू द्या.