एअरसेवावरून फ्लाइट कॅन्सलची भरपाई मिळाली (४ स्टार)

पुणे-नागपूर, संध्याकाळी ६:१० ची फ्लाइट, भाच्याचा साखरपुडा, सोबत आई. सिंहगड रोडवरून कॅबनं येरवड्यापर्यंत आलो आणि मेसेज, फ्लाइट कॅन्सल. कस्टमर केअरला फोन लावला तर नुसती ट्यून वाजतेय, म्हणून तसेच लोहगाव विमानतळावर गेलो. काउंटरवर म्हणे उद्या दुपारची घ्या नाहीतर रिफंड, भरपाईचं विचारलं तर 'सर तसं काही नसतं'.

असतं हो. डीजीसीएचा (विमान कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) नियमच आहे, २४ तास आधी कळवलं नसेल तर एकतर तुम्हाला चालेल अशी दुसरी फ्लाइट, नाहीतर पूर्ण रिफंड आणि वर भरपाई. एक तासापर्यंतच्या फ्लाइटला ५०००, एक ते दोन तास ७५००, त्याच्या वर १००००. मेख अशी की हा आकडा किंवा तुमचं बेसिक भाडं अधिक फ्युएल चार्ज, यात जे कमी ते. आमचं माणशी ३९०० भरलं, ७५०० गेले उडत. आणि हवामान, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण), संप असली कारणं निघाली तर तेही नाही, म्हणून कॅन्सल का केली ते लेखी घ्याच. मी काउंटरवरून हललोच नाही, शेवटी 'ऑपरेशनल रीझन' असा मेल आला.

रिफंड घेतला, खराडीवरून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली, आई नगर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

नंतर कंपनीच्या नोडल ऑफिसरला (तक्रारी बघणारा अधिकारी) मेल केला, तर तेच छापील उत्तर. मग एअरसेवावर तक्रार टाकली, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं पोर्टल आहे, ॲपपण आहे. पीएनआर, तिकीट, मेसेजचा स्क्रीनशॉट, तो मेल सगळं जोडलं. पैसे ते स्वतः देत नाहीत, तक्रार कंपनीकडेच पाठवतात, पण तिथून गेली की भाषा बदलते, आधी नियमात बसत नव्हतं ते दहाव्या दिवशी बसलं आणि दोघांचे मिळून ७८०० जमा. एक स्टार कापलाय तो विमान कंपनीच्या नावाचा.

अजून एक, एजंटकडून तिकीट काढत असाल तर त्यावर नंबर कोणाचा टाकलाय ते बघा. बरेच जण स्वतःचाच टाकतात, मेसेज त्यांना जातो, आणि प्रवाशाचा संपर्क नीट दिलेला नसेल तर भरपाईच मिळत नाही. आमच्या मागे रांगेत एक काका होते, त्यांना कॅन्सल झाल्याचं आमच्याकडूनच कळलं.