घोडदळाच्या जुन्या कार्बाइनचे मूळ काडतूस: ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका कारागिराच्या कामाविषयी

ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांत, विशेषतः लष्कर भागात, वाडवडिलांच्या तलवारींबरोबर एखादी आखूड नळीची बंदूकही परवान्यावर जपलेली आढळते. मात्र तिच्यासाठी मुळात कोणते काडतूस बनवले गेले होते, हे खात्रीने सांगणारा माणूस सहजी भेटत नाही. महाराज बाड्याजवळच्या एका गल्लीत जुन्या हत्यारांची निगा राखणारे एक वयस्क कारागीर हे काम करतात. आमच्या घरची मार्टिनी-हेन्री कार्बाइन, म्हणजे ब्रिटिश घोडदळाची आखूड नळीची बंदूक, त्यांच्याकडून तपासून घेतली, आणि त्यांच्या कामाची पद्धत मला फार मोलाची वाटली.

परवाना पाहिल्याशिवाय हे कारागीर काका हत्याराला हात लावत नाहीत, हे आधीच सांगतो. त्यानंतर ते ठसे वाचतात. आमच्या कार्बाइनवर मुकुट, ‘व्ही. आर.’ (राणी व्हिक्टोरियाची खूण), ‘एनफिल्ड’ (कारखान्याचे नाव), 1879 हे साल आणि ‘आय. सी. 1’ (कार्बाइनच्या पहिल्या नमुन्याची खूण) अशी अक्षरे आहेत. घोडदळासाठी 1877 मध्ये स्वीकारलेल्या नमुन्याशी ती जुळतात. तेवढ्यावर ते थांबत नाहीत, कारण खैबर खिंडीच्या मुलखात हाताने घडवलेल्या नकलांवरही असेच मुकुट कोरलेले असतात, आणि पुढच्या काळात अनेक मार्टिनींना .303 इंच व्यासाच्या वेगळ्या काडतुसाची नळी बसवली गेली. ठसा काहीही सांगो, काडतूस ठरते ते नळीच्या मागच्या पोकळीवरून, असे त्यांचे स्पष्ट मत आहे आणि ते मला पूर्ण पटते.

या पोकळीचा साचा ते माझ्यासमोर घेतात. मागचा ठोकळा उतरवून, नळीत कापडाचा बोळा घट्ट बसवून, उकळत्या पाण्याच्याही खालच्या तापमानाला वितळणारी बिस्मथची मिश्र धातू ते मागून ओततात. ही धातू आधी किंचित आकसते आणि ओतल्यापासून सुमारे तासाभराने पोकळीच्या खऱ्या मापावर येते; म्हणून साचा लवकर बाहेर काढला, तरी मोजणी मात्र ते घड्याळ पाहून तासाने करतात. आमचा साचा मागे जाड आणि पुढे बाटलीच्या मानेसारखा निमुळता निघाला, म्हणजे काडतूस .577/450 चे (.577 च्या पुंगळीचे तोंड .450 इंचाच्या गोळीसाठी आवळलेले) ठरले. घरच्या डब्यातील सरळ पुंगळ्या (काडतुसांची रिकामी धातूची कवचे) त्यामुळे आपोआप बाद झाल्या, त्या आधीच्या .577 स्नायडर बंदुकीच्या होत्या.

खरी पारख यापुढे आहे. मार्टिनीची रायफल आणि कार्बाइन यांच्या काडतुसांची पुंगळी एकाच घाटाची असल्याने साचा त्यांच्यातील फरक सांगू शकत नाही. रायफलच्या काडतुसात 480 ग्रेनची (एक ग्रेन म्हणजे सुमारे 0.065 ग्रॅम) गोळी आणि 85 ग्रेन काळी दारू असे, तर कार्बाइनच्या काडतुसात 410 ग्रेनची गोळी आणि 70 ग्रेन दारू. जेमतेम साडेतीन किलोच्या हत्यारातून रायफलचे काडतूस उडवल्यास खांद्याला बसणारा धक्का फारच जबर असे, म्हणून घोडेस्वारासाठी हा हलका भार ठरवला गेला. गोळी आणि दारू मिळून दोन्ही काडतुसांत सुमारे साडेपाच ग्रॅमचा फरक पडतो. रिकाम्या पुंगळीवरून मात्र ती रायफलसाठी भरली होती की कार्बाइनसाठी, हे ठरवता येत नाही, असे काकांनी आपल्या टिपणात स्वच्छ लिहून दिले आहे. गिऱ्हाइकाला बरे वाटावे म्हणून अंदाज ठोकून देणारे जाणकार मी पाहिले आहेत, त्यामुळे या एका वाक्याची किंमत मला अधिक वाटते.

उणीव म्हणावी तर टिपणासोबत छायाचित्रे मिळत नाहीत. ती आपणच काढून घ्यावीत. मापे इंचांत लिहिलेली असतात आणि अक्षर थोडे किचकट आहे, तेव्हा तिथेच एकदा वाचून घेतलेले बरे. मोबदला वाजवी आहे आणि साचा ते घरी नेऊ देतात. हत्यार चालवून पाहण्याची चौकशी करणाऱ्याला ते सरळ नकार देतात, आणि या वयाच्या पोलादात आजची धूरविरहित दारू कधीही वापरू नये, हे प्रत्येकाला बजावतात. दुपारी दुकान बंद असते. फोन करून सकाळीच जावे.