म्हाडाचं कलम ७९-अ : मालक जागा होतो, पुढचं आपणच बघायचं (५ पैकी ३ स्टार)

म्हाडा म्हणजे राज्याचं घरबांधणी प्राधिकरण, आणि त्याच्या कायद्यातलं ७९-अ हे कलम मुंबईतल्या धोकादायक जुन्या इमारतींच्या मालकांना पुनर्विकासाला भाग पाडतं. तीन स्टार देतोय. चौथा पण द्यायचा विचार होता पण २०२५ च्या जुलैमध्ये हायकोर्टाचा निकाल आला आणि तो हातचा गेला, त्याबद्दल खाली लिहितो.

आधी कोणासाठी आहे ते सांगतो, म्हणजे अंधेरी-बोरिवलीवाल्यांचा वेळ वाया नको. ही सर्व्हिस फक्त सेस बिल्डिंगवाल्यांसाठी, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत ज्या जुन्या चाळी आणि पागडीच्या (एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने घेतलेल्या खोल्यांच्या) बिल्डिंगी आहेत ना, ज्यांच्याकडून दुरुस्तीचा उपकर घेतात, त्यांच्यासाठी. १९६९ ला दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला तेव्हा अशा १९ हजार ६४२ इमारती होत्या, काही पडल्या, काही पाडून टॉवर झाले, आता तेरा हजारांच्या आसपास उरल्यात. आमची गिरगावातली त्यातलीच एक, अ वर्ग, म्हणजे १९४० च्या आधीची. दहा बाय बाराची खोली, आतच मोरी, वर पोटमाळा, संडास गॅलरीच्या टोकाला, आणि जिन्याखाली लाकडी टेकू, ज्याला पोरं आता क्रिकेटचा स्टंप म्हणून वापरतात. भाडेपावती अजून आजोबांच्या नावाने येते. आकडा सांगत नाही, पण त्यात आज दोन वडापाव-चहा होतील आणि थोडे सुटे परत मिळतील.

आता मालकाची बाजू पण खोटी नाही हां. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठवली, त्यात कोण पाण्याची टाकी बदलणार. पण म्हणून बिल्डिंग आपोआप पडायची वाट बघत बसायचं हे पण बरोबर नाही ना, कारण पडते तेव्हा आत माणसं असतात. २०१७ ला भेंडीबाजारात हुसैनी इमारत पडली त्यात ३३ जण गेले, २०१९ ला डोंगरीत केसरबाई पडली. दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी येते, लोक यादीत नाव बघतात आणि परत कामाला जातात, कारण घर सोडून जायचं कुठे, संक्रमण शिबिरात, म्हणजे म्हाडाच्या तात्पुरत्या घरांत, गेलेल्यांची दुसरी पिढी तिथेच लग्न करून बसलीये हे सगळ्यांना माहीत आहे.

७९-अ चं काम असं चालतं. महापालिकेने आपल्या कायद्यातल्या कलम ३५४ ची (धोकादायक इमारतीची) नोटीस देऊन किंवा सक्षम प्राधिकाऱ्याने इमारत धोकादायक ठरवली की मालकाला नोटीस जाते, सहा महिन्यांत ५१ टक्के रहिवाशांची संमती घेऊन पुनर्विकासाचा प्रस्ताव आण. नाही आणला तर पुढचे सहा महिने भाडेकरूंच्या नियोजित सोसायटीला. त्यांना पण नाही जमलं तर म्हाडा जमीनच संपादित करते आणि स्वतः बांधते किंवा बिल्डर नेमून बांधून घेते. मालकाला फुकट घालवत नाहीत, रेडी रेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या दराच्या) २५ टक्के किंवा विक्रीच्या बांधकामातला १५ टक्के भाग, जे जास्त असेल ते. हा बदल विधिमंडळाने २०२० ला केला आणि राष्ट्रपतींची सही व्हायला २०२२ चा डिसेंबर उजाडला.

याच्या आधीचं मॉडेल पण होतं, म्हाडा कायद्यातलं १९८६ चं आठ-अ प्रकरण (चॅप्टर). त्यात ७० टक्के भाडेकरू एकत्र आले की सरकार जमीन घेऊन सोसायटीला देणार आणि मालकाला महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट. शंभर पट!! गिरगावात जमीन आणि किंमत एका जुन्या स्कूटरची. मालकांची संघटना कोर्टात गेली, ती केस १९९२ पासून सुप्रीम कोर्टात वर वर चढत शेवटी नऊ न्यायाधीशांपुढे गेली आणि ५ नोव्हेंबर २०२४ ला निकाल आला की खाजगी मालकीची प्रत्येक गोष्ट काही समाजाची साधनसंपत्ती होत नाही. आमच्या चाळीत त्या दिवशी काही लोकांचे चेहरे पडले, मला मात्र तेव्हाच वाटलं की २५ टक्के-१५ टक्केवालं मॉडेल जास्त टिकेल, कारण यात मालकाला पण घेण्यासारखं काहीतरी आहे.

आता काय आवडलं. नोटीस लागली आणि जो मालक वर्षानुवर्षं फोन उचलत नव्हता त्याचा माणूस पंधरवड्यात हजर, फाईल घेऊन, पेढे पण घेऊन. तोच माणूस आधी गच्ची गळतेय म्हणून सांगितलं तर ताडपत्री घाला म्हणायचा. आता विचारतो काका कार्पेट (घराचं आतलं वापरायचं क्षेत्रफळ) किती अपेक्षित आहे. माझ्या मते या कलमाची खरी किंमत इथेच आहे, म्हाडा स्वतः येऊन टॉवर बांधेल यावर मी काही मोठी आशा ठेवत नाही, पण गप्प बसलात तर जमीन जाईल हे मालकाला एकदा कळलं की टेबलावर बसणं होतं. इतकी वर्षं वेळ फक्त आमचा जात होता.

मग तो निकाल. जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने कोर्टात आलेल्या मालकांच्या नोटिसा रद्द केल्या आणि अशा ९३५ नोटिसांच्या चौकशीसाठी समिती नेमली. कारण साधंच, कलमात लिहिलंय आधी इमारत रीतसर धोकादायक ठरली पाहिजे, आणि इथे ते न होताच म्हाडाच्या इंजिनिअरांच्या सहीने नोटिसा निघाल्या होत्या. बिल्डरांच्या फायद्यासाठी चांगल्या इमारती पण यात ओढल्या जातात अशी मालकांची तक्रार होती. मला राग मालकांचा नाही आला, घाईचा आला. एवढं चांगलं हत्यार हातात आणि ऑडिटचा (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा) कागद जोडायचा कंटाळा, म्हणजे ज्यांचा टेकू खरंच कुजलाय त्यांची पण केस ढिली. आमच्या मालकाचा माणूस त्यानंतर परत गायब, पेढेवाला.

दुसरी तक्रार भाडेकरूंच्या सहा महिन्यांबद्दल. कागदावर छान वाटतं, पण चाळीतली माणसं सहा महिन्यांत सोसायटी काढणार, आर्किटेक्ट नेमणार, ५१ टक्के सह्या गोळा करणार, मालकाच्या मोबदल्याचे पैसे उभे करणार, कसं? आमच्याकडे गणपतीची वर्गणी गोळा करायला जास्त वेळ लागतो. मग होतं काय की कोणीतरी बिल्डर पकडून आणतो आणि सोसायटीच्या नावाने तोच सगळं चालवतो. मागे एक असाच आला होता, प्रेझेंटेशन, नाश्ता, सह्या घेतल्या आणि त्यानंतर ऑफिसलाच कुलूप. या टप्प्यात म्हाडाने सल्लागार आणि थोडं बिनव्याजी भांडवल दिलं तर मी लगेच चार स्टार करीन.

९१-अ पण आहे, अर्धवट सोडलेल्या प्रोजेक्टसाठी, म्हणजे बिल्डरने खोल्या पाडून घेतल्या आणि काम सोडून पळाला तर म्हाडा तो प्लॉट ताब्यात घेऊ शकते. आमच्यावर ती वेळ नाही आलेली, त्यामुळे स्टार नाही देत.

ज्यांना वापरायचंय त्यांच्यासाठी थोडं. नोटिसीची झेरॉक्स काढून वाचा, ती ३५४ वर आधारलीये की नाही ते बघा. नसेल तर आधी स्वतःच्या खर्चाने स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या, खोलीमागे थोडे थोडे पैसे काढले की होतं, आणि तो रिपोर्ट घेऊन महापालिकेच्या वॉर्डात जा, नाहीतर उद्या कोर्टात कोणीही नोटीस उडवेल. भाडेपावत्या, लाईट बिल, रेशनकार्ड एका फाईलीत ठेवा, आजोबांच्या नावावरून खोली आपल्या नावावर करून घेतलेली नसेल तर ते आत्ताच, पात्रता ठरवताना तिथेच भावाभावांची भांडणं होतात. किमान ३०० चौरस फूट कार्पेट मिळणार हे ३३(७) मध्येच, म्हणजे सेस इमारतींच्या पुनर्विकासाच्या नियमातच आहे, बिल्डर ते उपकार केल्यासारखं सांगतो, ऐकून घेऊ नका. आणि करार रजिस्टर झाल्याशिवाय खोली रिकामी करायची नाही, कितीही गोड बोलले तरी.

आमचं म्हणाल तर ऑडिटची वर्गणी चालू आहे. वरचे तीन मजले तयार आहेत, तळमजल्यावरचे दुकानदार अडलेत कारण त्यांना रस्त्याकडचं तोंड तसंच हवंय आणि पोडियमच्या (टॉवरखालच्या चौथऱ्याच्या) आत दुकान गेलं की गिऱ्हाईक येणार नाही म्हणतात, त्यांचं पण काही चूक नाही. ते झालं की अपडेट टाकतो.