सोलापूर-मुंबई विमान काही महिने वापरल्यावर: नेटवरचा अर्धा तास आणि खरा टाइम

१५ ऑक्टोबर २०२५ ला मुंबईचं विमान सुरू झालं तेव्हापासून कामासाठी जाऊन-येऊन करतोय, आणि जो तो विचारतो किती वेळ लागतो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

नेटवर दोन्ही एअरपोर्टची नावं टाकली की अंतर येतं साधारण ३६० किलोमीटर आणि फ्लाइट टाइम अर्धा तास. ३६० बरोबर आहे, ते सरळ रेषेतलं. रेल्वेनं तेच ४५५ भरतं, कारण गाडी कुर्डुवाडी, दौंड, पुणे करत घाट उतरून जाते. पण त्या अर्ध्या तासावर काही ठरवू नका राव. बऱ्याच साइट्स अंतराला ताशी आठशेच्या आसपास भागतात, झालं गणित. एवढ्याशा अंतरात विमान वर चढून सरळ होतंय ना होतंय तोवर खाली उतरायची तयारी सुरू, फुल स्पीड मिळतो तो मधला थोडा वेळ. मी खिडकीतून उजनीचं पाणी बघत बसतो, ते मागं पडलं की थोड्या वेळात बेल्ट बांधायची अनाउन्समेंट. शिवाय तिकिटावरची वेळ जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतची असते, ती तासाच्या थोडी वरच जाते.

आणि मुंबई. तिथल्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं एका वेळी एकच चालते, सगळ्या देशाची विमानं त्याच रांगेत. आपलं विमान वेळेवर पोचलं तरी कधीकधी वरच चकरा मारतं. याला कुणी काही करू शकत नाही, नवी मुंबईच्या विमानतळामुळं पुढं फरक पडला तर बघू.

आपल्याकडचं मात्र एकदम सोपं आहे. होटगी रोडच्या विमानतळावर सात रस्ता चौकातून रिक्षानं पटकन पोचतो, टर्मिनल छोटं, गर्दी नाही. टॉवेलच्या सॅम्पलची बॅग आणि त्यात शेंगा चटणीचे पुडे, सिक्युरिटीवाला हसून सोडतो. (कोरडी आहे म्हणून, तेलातलं लोणचं हातातल्या बॅगेत टाकू नका.)

आता घरापासून कामापर्यंतचा हिशोब. आधी जाऊन बसणं, उड्डाण, मुंबईत बाहेर पडणं सगळं धरून माझे साडेतीन-चार तास जातात. वंदे भारत साडेसहा तास घेते, पण पहाटे सहाला निघून दुपारी साडेबाराच्या सुमारास थेट सीएसएमटीला सोडते. काम अंधेरी, बीकेसी किंवा पुढं दिल्लीचं विमान पकडायचं असेल तर डोळे झाकून विमान घ्या. सीएसएमटीजवळच्या मंगळदास मार्केटला, म्हणजे कापडबाजाराला, जायचं तर विमानतळावरून परत मेट्रो ३ नं उलटं खाली या, त्यात वाचवलेला बराच वेळ गेला. सुरू झालं तेव्हा आठवड्यातून चारच दिवस होतं, वेळही दुपारची, त्यामुळं एका दिवसात जाऊन काम करून परत हा प्रकार जमत नव्हता. बुकिंगआधी दिवस बघूनच घ्या.

सोलापूरवरून गोव्याचं विमान ९ जून २०२५ ला सुरू झालं, सरळ अंतर ३०० च्या आसपास. ते पंख्याचं छोटं विमान (एटीआर) आहे, जेटपेक्षा हळू, पण एवढ्या अंतराला फार काही जाणवत नाही. फक्त ते मोपाला उतरतं, उत्तर गोव्यात. मडगावला जाणाऱ्यांनी पुढच्या टॅक्सीचं आधी विचारून ठेवा.

मार्केटच्या कामाला मी अजून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेसच धरतो. झोप होते, सकाळी सीएसएमटीला उतरून चहा घेऊन चालत मार्केटला.