बिनविरोध की मतदान? दोन्ही करून पाहिलेल्या गावातून

आमच्या ग्रामपंचायतीची एक निवडणूक बिनविरोध झाली, पुढची चुरशीची. बिनविरोधसाठी घरोघर फिरणाऱ्यांत मीही होतो. तुमच्या गावात आता तशा बैठका बसत असतील, तर हे वाचून ठरवा.

बिनविरोधचा फायदा खराच आहे. भावकी फुटत नाही, पार्ट्या झडत नाहीत, निकालाच्या रात्री कुणाच्या दारात मुद्दाम फटाके वाजत नाहीत. जानेवारी २०२१ च्या निवडणुकांआधी काही आमदारांनी अशा गावांना जादा निधीही जाहीर केला होता. त्याच वेळी उमराणे (नाशिक) आणि खोंडामळी (नंदुरबार) इथे पदांचा लिलाव झाल्याचं उघड झालं आणि राज्य निवडणूक आयोगाने तिथल्या निवडणुका रद्द केल्या. आमच्याकडे पैशाचा व्यवहार नव्हता, हे छातीठोकपणे सांगतो.

मला खटकला तो माघारीचा दिवस. खालच्या आळीतल्या एका बाईने अर्ज भरला होता. बैठकीला तिला कुणी बोलावलंच नव्हतं. तीनच्या आत माघार घ्यायची म्हणून दीर तिला मोटारसायकलवरून तहसीलला घेऊन आला. तिने सही केली, पेन टेबलावर ठेवलं आणि पदर आणखी पुढे ओढला. बाहेर आम्ही पेढे वाटत होतो. तिने घेतला नाही. पुढची पाच वर्षं त्या आळीतलं कुणी ग्रामसभेला फिरकलं नाही. गावात भांडण नव्हतं, म्हणून आम्हाला ते दिसायलाही वेळ लागला.

मतदानात ताप आहेच. प्रभाग एवढासा, कुणाचं मत कुठे गेलं याचे अंदाज लगेच बांधले जातात, आणि त्यावरून वर्षभर धुसफूस चालते. म्हणून या वेळी दोन्ही पॅनेल अर्ज भरण्याआधीच मारुतीच्या देवळात बसली. गुलाल घेऊन समोरच्यांच्या आळीत शिरायचं नाही आणि सकाळच्या मॉक पोलला, म्हणजे मतदानाआधी मशीन तपासायच्या चाचणी मतदानाला, दोन्हीकडच्या एजंटांनी हजर राहायचं, एवढंच ठरलं. माझ्या चुलत्यांचा मशीनवर काडीचा विश्वास नव्हता, म्हणून त्यांनाच एजंट केलं. त्यांनी मॉक पोलची मतं बोटांवर मोजली, नंतर मशीन शून्यावर आलेलं पाहिलं, मगच सही केली. त्यांचा मुलगा अकरा मतांनी पडला. रात्री ते अकरा घरांची नावं घेत बसले, पण मशीनबद्दल चकार शब्द काढला नाही.

आदर्श म्हणून ज्याचं नाव घेतात त्या हिवरे बाजारातही तीस वर्षांच्या बिनविरोधनंतर २०२१ मध्ये मतदान झालं. पोपटराव पवारांच्या पॅनेलने सगळ्या जागा जिंकल्या.

गावात नुकतीच डोकी फुटली असतील, तर एखादी टर्म बिनविरोध काढणं मला समजू शकतं. तेव्हाही माघार घेणाऱ्याशी त्याच्या घरी जाऊन बोला, तहसीलच्या दारात नको.

ती बाई या वेळी पुन्हा उभी राहिली आणि पडली. परवाच्या ग्रामसभेत टाकीच्या दुरुस्तीचा हिशेब तिनेच मागितला.